संध्याकाळी पाचनंतरचं कॉलेज

पालकहो,

नीट-सीईटीचे पर्सेंटाइल आणि प्रवेशफेऱ्या हे दिवस घराला कसे पिळून काढतात, ते तुम्हाला सांगायला नको. ऑप्शन फॉर्म उघडलेला असतो, मागच्या वर्षीच्या कट-ऑफची यादी कुणीतरी पाठवलेली असते, मामा-आत्या फोनवर असतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : स्कोप कशाला आहे?

या प्रश्नाला मी कमी लेखत नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते आणि शहरातल्या खोलीचं भाडं डोळ्यांसमोर दिसत असताना आईवडिलांनी तो विचारायचा नाही, तर कुणी विचारायचा? पण त्या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली असते, की पदवीच्या कागदावर जे छापून येईल तेच आपल्या मुलाचं आयुष्य होणार. ही समजूत तपासायला लांब जायला नको. पुणे विद्यापीठ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. १९४९ साली गणेशखिंडीत, जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या आवारात ते सुरू झालं आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचं नाव मिरवतं आहे. त्याच्या कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेल्या काही माणसांकडे तुमच्याबरोबर जरा सवडीनं पाहावं, असं फार दिवस मनात होतं.

प्रभाताई अत्रे यांच्यापासून सुरुवात करू. फर्ग्युसनमधून बी. एस्सी., मग आयएलएस लॉ कॉलेजातून एलएल. बी. कुठल्याही घराला समाधान वाटावं अशा या दोन पदव्या. गाणं त्यांच्या घरात पिढीजात नव्हतं. आईवडील दोघंही शिक्षणक्षेत्रातले. आईची प्रकृती बरी नसायची, जरा मन रमावं म्हणून घरी पेटीची शिकवणी लागली आणि आठ वर्षांची मुलगी शेजारी बसून ऐकू लागली. आईचं शिकणं लवकरच सुटलं, मुलीचं सुटलं नाही. पुढे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे किराणा घराण्याची तालीम झाली. त्याच वर्षांत एकीकडे प्रयोगशाळा, मग कायद्याची पुस्तकं हेही सुरू राहिलं.

या गोष्टीत मला आईवडिलांचं वागणं सर्वांत मोलाचं वाटतं. गाण्यासाठी त्यांनी शिक्षण थांबवलं नाही आणि शिक्षणासाठी गाणं बंद केलं नाही. ‘आता बारावी आहे, तबला दोन वर्षं माळ्यावर ठेव’ हे वाक्य आज किती घरांत उच्चारलं जातं! प्रभाताईंच्या घरात ते उच्चारलं गेलं असतं, तर मारुबिहाग आणि कलावतीच्या त्या ध्वनिमुद्रिका कुठून आल्या असत्या? आणि त्या दोन पदव्या फुकट गेल्या म्हणाल, तर तेही मला पटत नाही. ख्यालात सरगम गावी की नाही यावर जुन्या मंडळींत कडक मतं होती. प्रभाताईंनी सरगमेची बाजू नुसती गाऊन मांडली नाही. त्या विषयावर संशोधन केलं, डॉक्टरेट मिळवली, पुस्तकं लिहिली. कलावंतानं आपल्याच कलेची इतकी काटेकोर तपासणी करावी, पुरावा मांडावा, युक्तिवाद करावा, यात मला प्रयोगवही आणि न्यायालय दोन्हीची शिस्त दिसते. आकाशवाणीत त्यांनी नोकरी केली, मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या, २०२२ साली पद्मविभूषण मिळालं. पदवीवर कुठेही ‘संगीत’ हा शब्द नसलेल्या मुलीची ही वाटचाल.

आता ज्या कॉलेजाच्या गोष्टीत मला सर्वांत जास्त रमावंसं वाटतं, तिकडे वळतो. ससून रुग्णालयाला लागून असलेलं बी. जे. मेडिकल. आज ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे, पण त्या काळात पुणे विद्यापीठाचंच होतं. मेडिकलची सीट म्हणजे आपल्याकडे पालकांच्या स्वप्नाचं शेवटचं टोक. त्या टोकावर पोचलेल्या मुलांनी तिथे पोचून काय केलं, ते पाहा.

डॉ. श्रीराम लागू तिथेच शिकले आणि कान-नाक-घशाचे शल्यविशारद झाले. पुण्यात त्यांनी व्यवसाय केला, टांझानियातल्या ताबोरा इथेही शस्त्रक्रिया केल्या. नाटक मात्र विद्यार्थीदशेपासून सोबत होतं. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये म्हणजे पीडीएमध्ये ते मनापासून काम करत होते. वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट व्हायचं त्यांनी ठरवलं ते १९६९ साली. त्यांचा जन्म १९२७चा. म्हणजे वय बेचाळीस! पुढच्याच वर्षी शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं आणि त्यातले गणपतराव बेलवलकर महाराष्ट्राच्या घरातले झाले. आपण अठराव्या वर्षी मुलाच्या आयुष्याचा कायमचा निकाल लावू पाहतो. इथे एका यशस्वी डॉक्टरनं चाळिशी ओलांडल्यावर पान उलटलं.

त्यांच्या मागून त्याच कॉलेजात पंढरपुरात जन्मलेले, सोलापुरात वाढलेले जब्बार पटेल आले, भोरचे मोहन आगाशे आले, ओतूरचे अनिल अवचट आले. फर्ग्युसनमधून रसायनशास्त्र आणि पुणे विद्यापीठातून जीवरसायनशास्त्राची एम. एस्सी. करून सतीश आळेकर तिथे नोकरीला लागले. आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ साली सुरू झाली होती आणि पुण्यातल्या कॉलेजांच्या संध्याकाळी तालमींनी भरू लागल्या होत्या. १६ डिसेंबर १९७२ला तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, नाना फडणवीस झाले मोहन आगाशे, आळेकरही त्याच चमूत. एकोणीस प्रयोगांनंतर पीडीएनं ते थांबवलं, तेव्हा ही सगळी तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३ साली त्यांनी थिएटर अकॅडमी उभी केली. ‘घाशीराम’ पुढे युरोपात जाऊन आलं.

तुमच्या मनात आता काय येत असेल, ते मला ऐकू येतं. ‘हे ठीक आहे हो, पण पोटाचं काय?’ म्हणून मुद्दाम सांगतो, की यातल्या बहुतेकांनी पोटाचा प्रश्न वाऱ्यावर सोडला नव्हता. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ. दवाखाना दौंडला आणि तालमी पुण्याला. ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ हे चित्रपट दिग्दर्शित करणारा माणूस दौंडमध्ये लहान मुलांचा ताप पाहणारा डॉक्टर होता. आळेकरांनी ‘महानिर्वाण’ आणि ‘बेगम बर्वे’ लिहिली ती बी. जे.तली जीवरसायनशास्त्राची नोकरी सांभाळूनच. ती नोकरी त्यांनी वर्षानुवर्षं केली आणि १९९६ साली ते पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. ज्या विद्यापीठानं त्यांना विज्ञानाची पदवी दिली, त्याच विद्यापीठात ते मुलांना नाटक शिकवू लागले.

मोहन आगाशे यांनी तर वैद्यकी कधी सोडलीच नाही. मानसोपचार हा त्यांचा विषय. ससूनमध्ये रुग्ण पाहणं, बी. जे.त शिकवणं आणि रात्री नाना फडणवीस म्हणून उभं राहणं हे सगळं एकाच माणसाच्या दिवसात बसत होतं. मराठवाड्यात १९९३ साली भूकंप झाला, त्यानंतर वाचलेल्या माणसांच्या मनावर काय परिणाम झाले याच्या अभ्यासाचं काम त्यांनी पाहिलं. पुढे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका त्यांनी केली. तो चित्रपट पाहताना नट कुठे संपतो आणि डॉक्टर कुठे सुरू होतो, ते मला सांगता येणार नाही. सुमित्राताईंचंही तसंच. समाजशास्त्राच्या अभ्यासक, समाजकार्याच्या शिक्षिका. ज्या बायकांबद्दल संशोधन करायचं, त्यांच्यापर्यंत अहवाल पोचत नाही, चित्र पोचतं, हे जाणवल्यावर त्यांनी कॅमेरा जवळ केला आणि १९८५च्या ‘बाई’ या पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्या चाळिशीत होत्या.

अनिल अवचटांबद्दल मात्र जरा वेगळं बोलायला हवं, कारण पालकांच्या मनातली खरी भीती तिथे उघडी पडते. एमबीबीएस झालेला मुलगा दवाखाना न टाकता पिशवी खांद्याला लावून बिहारच्या पूर्णियात जातो, हमाल, विडी कामगार, वेश्या यांच्यात फिरतो आणि लिहितो. ‘एक सरकारी सीट वाया घालवली’ हा आक्षेप अशा मुलांवर हमखास येतो आणि तो मला पोकळ वाटत नाही. ती सीट समाजाच्या पैशावर उभी असते. पण अवचटांचा पुढचा प्रवास पाहा. पुण्यात ब्राउन शुगरचं व्यसन पसरू लागलं, तेव्हा त्यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई मदतीला उभे राहिले आणि १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट यांच्यासह येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. सुनंदाताई येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या डॉक्टर. केंद्राचा कणा त्याच होत्या. आजवर हजारो माणसं तिथून व्यसनमुक्त होऊन घरी परतली. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानायचं, ही नजर वैद्यकीय शिक्षणातून येते. त्याच्या शेजारी बसून त्याची गोष्ट ऐकायची, ही सवय लेखकाची. दोन्ही एकत्र आली म्हणून मुक्तांगण झालं. ती सीट वाया गेली असं मी तरी म्हणणार नाही.

सगळेच मार्ग बदलतात असा याचा अर्थ घेऊ नका. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, आपल्या सीओईपीतून, १९५६ साली थॉमस कैलाथ आणि १९५८ साली चंद्रकुमार पटेल टेलिकम्युनिकेशनची पदवी घेऊन बाहेर पडले. कैलाथ पुण्यातच जन्मलेले, मल्याळी घरातले. पटेल जन्मानं बारामतीचे. दोघंही अमेरिकेत गेले, दोघांनी १९६१ साली डॉक्टरेट मिळवली, एकानं एमआयटीतून, दुसऱ्यानं स्टॅनफर्डमधून. कैलाथ स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले आणि माहितीशास्त्र, नियंत्रण, संदेशप्रक्रिया यांच्या गणितात त्यांनी मोठं काम उभं केलं. पटेल बेल लॅब्जमध्ये गेले आणि १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. पत्रा कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत तो आज वापरला जातो. पुढे दोघांनाही अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स मिळालं. बाहेरून ही सरळ रेघ वाटते. पण जवळून पाहिलं तर एकाच पदवीची मुलं, एक गणितात शिरला, दुसरा पदार्थविज्ञानात, आणि प्रवेशाच्या वेळी लेसर ही वस्तूच जगात नव्हती. ज्या कामासाठी पटेल ओळखले गेले, त्याचा ‘स्कोप’ त्यांच्या वडिलांना कुणीही सांगू शकलं नसतं.

माधव गाडगीळ यांचंही थोडक्यात सांगतो. वडील धनंजयराव देशातले नामवंत अर्थतज्ज्ञ. मुलानं फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र घेतलं. शेजारी इरावती कर्वे राहत. लहानपणी त्यांच्या सोबतीनं केलेल्या भटकंतीचा ठसा गाडगीळ पुढे आवर्जून सांगत आले. हार्वर्डहून परत येऊन त्यांनी रानावनांचा आणि तिथल्या माणसांचा एकत्र अभ्यास केला. २०११चा पश्चिम घाटाचा अहवाल त्यांच्याच समितीचा. त्या मुलाची जडणघडण जितकी कॉलेजाच्या वर्गात झाली, तितकीच शेजारच्या घरातही झाली.

या सगळ्या माणसांना शेजारी शेजारी उभं केलं, की मला एक गोष्ट दिसते आणि तीच तुमच्याशी बोलायची होती. पदवीचा अभ्यास सगळ्यांनी नीट केला. पण त्यांना ‘ती’ माणसं बनवणारी गोष्ट बहुधा संध्याकाळी पाचनंतर घडली. प्रात्यक्षिकं संपल्यावरची तालीम. गुरूंच्या घरची बैठक. शेजारच्या प्राध्यापिकेबरोबरची टेकडी. वसतिगृहातल्या खोलीत पहाटेपर्यंत चाललेला वाद. विद्यापीठ पदवी देतं ती दिवसा. सोबत आणि वेड देतं ते संध्याकाळी. शेतकऱ्यानं मुख्य पिकाच्या दोन ओळींत तुरीचं पाटं घ्यावं आणि वर्षअखेर घर त्या तुरीनं तरावं, असं यांच्या आयुष्यात झालं.

आणि आज आपण नेमकी तीच संध्याकाळ मुलांकडून काढून घेतो आहोत. अकरावी-बारावी इंटिग्रेटेड कोचिंगमध्ये जाते. कॉलेज नावापुरतं, हजेरी क्लासची. मेडिकलला गेलं की पहिल्या दिवसापासून पीजीची तयारी, इंजिनिअरिंगला गेलं की दुसऱ्या वर्षापासून प्लेसमेंटची. मूल नाटकात आहे म्हटलं की ‘बॅकलॉग राहील’ ही पहिली प्रतिक्रिया. राहीलही कदाचित एखादा विषय. एटीकेटीनं आयुष्य बुडत नाही. पण बाविसाव्या वर्षी उत्तम पॅकेज हातात असताना ‘मला काय आवडतं तेच मला माहीत नाही’ म्हणणारी मुलं मी इतकी पाहतो, की त्यांच्याबद्दल मला काळजी वाटते.

मुलींबाबत तर जास्तच. मुलानं रात्री दहाला तालमीहून यावं, मुलीनं मात्र साडेसहाला घरात असावं, असा नियम कितीतरी घरांत आहे. तुमची भीती खोटी नाही, बाहेरचं जग तसं आहे. पण त्यावर उपाय म्हणून मुलीची संध्याकाळच रद्द करू नका. जोडीनं येण्या-जाण्याची सोय करा, एखाद्या दिवशी बाबांनी गाडी काढावी, तालमीच्या ठिकाणी जाऊन शिक्षकांशी बोलावं. दादाला जितका वेळ मिळतो तितका ताईलाही मिळायला हवा.

आणखी एक गोष्ट मला दडवायची नाही. मी नावं घेतली त्यांतल्या अनेकांच्या पाठीशी शिकलेलं घर होतं, पुस्तकं होती. तुमच्यातले कितीतरी जण घरातल्या पहिल्या पदवीधराचे आईवडील असतील. तुमचा मुलगा पहाटेच्या एसटीनं तालुक्याला येतो, दुपारी परत जाऊन गोठ्यात हातभार लावतो. त्याला संध्याकाळ कुठून मिळायची? म्हणून वसतिगृह हा खर्च नाही असं मला वाटतं. जमत असेल तर निदान एक वर्ष मुलाला वसतिगृहात राहू द्या. पुणे विद्यापीठात आणि त्याच्या कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करून कितीतरी मुलांनी आपला खर्च उचलला आणि त्याच आवारात त्यांना मित्रही मिळाले. तिची चौकशी करायला लाज वाटू देऊ नका. आणि घरात पैसे किती आहेत, कर्ज किती झेपेल, ते आकडे मुलासमोर मोकळेपणानं मांडा. आकडे माहीत असलेलं मूल बेफिकीर होत नाही, असा माझा अनुभव आहे. लपवलेली तंगी मात्र त्याला आतून पोखरते.

तुम्हाला मुलांची काळजी वाटते म्हणूनच तुम्ही इतकी धावपळ करता, हे मी जाणतो. त्या धावपळीत एवढी एक भर घाला. कॉलेज पाहायला जाल तेव्हा सकाळी अकराला फीच्या खिडकीवर चौकशी करून परत फिरू नका. संध्याकाळपर्यंत थांबा. ग्रंथालय किती वाजता बंद होतं ते पाहा. मैदानावर कुणी आहे का, एखाद्या वर्गात तालीम चालू आहे का, एनएसएसची पोरं कुठल्या गावाला जातात, पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडकाला गेल्या वर्षी संघ गेला होता का, एवढं तिथल्या मुलांनाच विचारा. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक किती वाजता लागतं आणि मुलांचं किती वाजता, हेही विचारा. फाटकाजवळच्या शिपायाला ते सगळं ठाऊक असतं. आणि तिथे पाचनंतर सगळं सामसूम असेल, तर कट-ऑफ कितीही वर असो, पसंतीक्रमात ते कॉलेज चार घरं खाली आणायला कचरू नका.